केसपेपरवर न आलेले

स्तनाच्या कॅन्सरची फाइल उघडली की बाईच्या शरीराविषयी पुष्कळ काही कळते. गाठ किती सेंटिमीटरची होती, काखेतल्या किती ग्रंथी काढल्या आणि त्यांतल्या किती बाधित निघाल्या, ईआर-पीआर पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, केमोच्या किती सायकल झाल्या, तिसऱ्या सायकलच्या आधी पांढऱ्या पेशी किती उतरल्या. एखाद्या माणसाची इतकी बारीक नोंद आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कागदावर होत नसेल. त्याच फाइलमध्ये ती बाई घरी कोणाशी बोलते, मुलांना काय सांगितले आहे, नवरा तिच्या खोलीत झोपतो की बाहेर, सासूने तिचे ताट-पेला वेगळा काढला आहे का, यातले एक अक्षर नसते. डॉक्टरांचा मी दोष मानत नाही. एका ओपीडीत सकाळपासून शंभर बायका बसलेल्या असताना गाठ आधी बघावी लागते. पण घरात घडते ते कुठेतरी लिहिले गेले पाहिजे, आणि ते या पुस्तकात लिहिले गेले आहे.

ज्या बायकांनी इथे आपले अनुभव लिहिले, किंवा सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेतले, त्यांच्यात शिक्षिका आहेत, अंगणवाडी सेविका आहेत, बँकेत काउंटर सांभाळणारी आहे, ऊसतोडीला जाणारी आहे. एकीचेही नाव छापलेले नाही. नाव का नको, याचे कारण बहुतेकींनी एकच दिले: मुलीचे लग्न व्हायचे आहे. स्थळ बघायला येणाऱ्यांना ‘त्यांच्या घरात कॅन्सर आहे’ एवढे कळले तरी बोलणी थांबतात. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभरातल्या पाच-दहा रुग्णांतच तो आईवडिलांकडून आलेल्या सदोष जनुकामुळे होतो, बाकीच्यांत तसा वारसा सापडत नाही. ही माहिती आता सहज मिळते, पण लग्नाच्या बोलण्यांत ती कोणी विचारात घेत नाही. म्हणून आयुष्यातली सर्वांत मोठी लढाई लढलेल्या बाईला स्वतःच्या पुस्तकातही अनामिक राहावे लागते.

या आजाराचा पसारा केवढा आहे, तेही सांगायला हवे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचे निदान झाले आणि ९८ हजारांच्या आसपास बायका त्याने गेल्या. भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर आता हाच आहे. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे लवकर गाठतो. पंचेचाळीस-पन्नासच्या बाईकडे घरात काय काय असते ते आठवून पाहा. मुलाची बारावी, मुलीचे कॉलेज, सासऱ्यांचे मोतीबिंदू, सासूचे गुडघे, गावाकडच्या शेताचा हिशेब, नवऱ्याची शुगर. अशा वेळी तिच्या स्तनात गाठ हाताला लागते. ती दुखत नाही, म्हणून थांबता येते. आधी परीक्षा होऊ दे, मग दिवाळी, मग पुतणीचे लग्न. या संग्रहातल्या अनेकींनी गाठ हाताला लागल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत कित्येक महिने काढले आणि त्या महिन्यांत नवऱ्यालाही सांगितले नाही.

हे अज्ञान आहे, असे म्हणून मोकळे होता येत नाही. मुंबईतल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास केला. दीड लाखाहून अधिक बायका त्यात होत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी येत, बायकांना समजावून सांगत आणि हाताने स्तनांची तपासणी करत. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. या कामात मॅमोग्राफीचे यंत्र नव्हते. शिकवलेला हात होता, आणि ओळखीची झालेली बाई दारात येऊन विचारत होती. लाज बाईच्या स्वभावातच असते म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर वाचावा. विचारणारी विश्वासाची असली की बायका दाखवतात आणि बोलतातही. माझे या प्रस्तावनेतले सगळे म्हणणे याच अनुभवावर उभे आहे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये घरातली माणसे एकमेकांपासून तुटतात ती बहुतेक वेळा प्रेम आटल्यामुळे तुटत नाहीत. कोणी काय बोलायचे, कसे बोलायचे हे त्यांना कोणी दाखवलेले नसते आणि ती गप्प राहतात.

कॅन्सर रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात काम करताना मी जे वाक्य सर्वांत जास्त वेळा ऐकले ते हे: “मॅडम, तिला काही सांगू नका.” बोलणारा कधी मुलगा असतो, कधी दीर, कधी भाऊ. तो दार लोटून आत येतो, आवाज खाली आणतो. ती बाहेर बाकावर बसलेली असते. आजूबाजूला रुमाल बांधलेली डोकी असतात, भिंतीवर कॅन्सरची पोस्टर असतात, शेजारची बाई तिला आपली कितवी सायकल ते सांगून झालेली असते. तिला सगळे कळलेले असते. मुलाला वाईट वाटेल म्हणून ती न कळल्यासारखे वागते, आणि आईला वाईट वाटेल म्हणून मुलगा. दोघांचेही एकमेकांवर जीव ओवाळून टाकण्याइतके प्रेम असते, आणि दोघेही त्या दिवसांत कमालीचे एकटे असतात. रात्री तिला विचारायचे असते, ‘मी यातून उठेन का रे?’ पण ज्याला विचारायचे त्याच्यासमोरच तिला अजाण राहायचे असते. मग निर्णयही तिच्याशिवाय होतात. स्तन काढायचा की वाचवायचा, मुंबईला न्यायचे की जिल्ह्याच्या गावी करायचे, शेत विकायचे की सोने मोडायचे, हे सगळे पुरुषमंडळी पायऱ्यांवर उभी राहून ठरवतात आणि ती फक्त संमतिपत्रावर सही करते.

मुलांच्या बाबतीत हे मौन अधिक महागात पडते. ‘आईला छोटी गाठ आहे, काढली की झालं’ असे सांगितलेला दहावीतला मुलगा रिपोर्टवरचा शब्द मोबाइलवर शोधतो आणि जे दिसते ते एकटाच पचवत बसतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला तर वाटते, आपण हट्ट केला, आईला त्रास दिला, म्हणून आई आजारी पडली. हे त्याच्या मनात आहे हे मोठ्यांना बऱ्याचदा महिनोन् महिने कळत नाही. या संग्रहात एका आईने लिहिले आहे की केमोच्या दिवसांत तिची चौथीतली मुलगी रोज सकाळी तिच्या आधी उठून उशीवरचे केस वेचायची आणि कंगवा पुसून ठेवायची, आईला दिसू नयेत म्हणून. आईने ते पाहिले होते. दोघींनी तो विषय कधी काढला नाही. मला वाटते, त्या मुलीला एक वाक्य हवे होते: आईला जो आजार झाला आहे त्याचे नाव कॅन्सर आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, तो मिठी मारल्याने लागत नाही, आणि केस औषधामुळे जातात, ते परत येतात.

केसांविषयी जरा थांबून बोलायला हवे, कारण बाहेरच्या माणसाला हे दुःख किरकोळ वाटते. जीव वाचतोय आणि केसांचे काय घेऊन बसलीस, असे तिला हमखास ऐकवले जाते. पहिल्या केमोनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस जायला लागतात. न्हाणीघरात पुंजकेच्या पुंजके हातात येतात, मोरी तुंबते. ऑपरेशनची जखम ब्लाउजच्या आत असते, आजाराचे नाव लपवता येते, पण टक्कल लपवता येत नाही. त्या दिवसापासून ती गल्लीसाठी कॅन्सरची बाई होते. शिवाय आपल्या समाजात बाईच्या बोडक्या डोक्याचा एक जुना अर्थ आहे. काही जातींमध्ये विधवांचे केशवपन होत असे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांना एकत्र आणून या प्रथेविरुद्ध उभे केले, त्यालाही आता सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. प्रथा गेली, तरी त्या चित्राची दहशत जुन्या घरांत अजून शिल्लक आहे. नवरा समोर धडधाकट बसलेला असताना सुनेचे बोडके डोके पाहून सासूच्या मनात जे कालवते, त्यात सुनेविषयीची माया असते आणि मुलाविषयीची भीतीही. ‘डोक्यावरून पदर घे’ असे ती फटकन बोलते. सुनेला तो तिरस्कार वाटतो. खरे तर दोघी वेगवेगळ्या गोष्टींना घाबरलेल्या असतात.

बांगड्यांचेही तसेच. काखेतल्या ग्रंथी काढल्यानंतर त्या बाजूच्या हाताला सूज येण्याची शक्यता असते, काहींना ती वर्षानुवर्षे राहते. सूज आली की बांगड्या रुततात, मग कापून काढाव्या लागतात. सवाष्ण बाई एका हातात हिरवा चुडा आणि दुसरा हात मोकळा अशी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेली, की विचारणा होते. त्या विचारण्याला काय उत्तर द्यायचे ते न सुचल्यामुळे पुष्कळ जणी जाणेच सोडतात. काही ठिकाणी बोलावणेच येत नाही. गळ्यात मंगळसूत्र असूनही जिला वाण द्यायला बायका कचरतात, ती घरी येऊन कोणाला काय सांगणार? बरोबरीच्या बायकांमधून असे हळूहळू गळून पडणे ही या आजाराची मोठी जखम आहे आणि तिच्यावर कुठलेही मलम रुग्णालयात मिळत नाही. अभिनेत्री सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये उपचार चालू असताना केस नसलेले आपले फोटो लोकांसमोर ठेवले, तेव्हा अनेक सामान्य बायकांना धीर आला हे मी पाहिले आहे. मात्र तो धीर हळदीकुंकवाच्या बैठकीत नेऊन टिकवायचा, तर शेजारी बसलेल्या चार बायकांनी साथ द्यावी लागते.

स्तन गेल्यावर बाई पहिल्यांदा कुठे अडखळते, याचे उत्तर मला या लेखनातून मिळाले: ब्लाउज शिवणारीकडे. वर्षानुवर्षे जिच्याकडे माप दिले, तिच्यासमोर उभे राहायची हिंमत होत नाही. एकीने जुने ब्लाउज उसवून स्वतःच शिवायला घेतले. दुसरीने मऊ सुती कापडाची पिशवी करून तिच्यात मोहरी भरली, वजन दुसऱ्या बाजूइतके यावे म्हणून, कारण नुसता कापूस भरला तर तो वर सरकतो आणि चारचौघांत पदर सारखा ओढावा लागतो. आता सिलिकॉनचे कृत्रिम स्तन मिळतात, क्रोशाने विणलेले हलके स्तन काही स्वयंसेवी गट मोफतही देतात, पुनर्रचनेची शस्त्रक्रियाही होते. तरी मोहरीच्या पिशवीची ती हकिगत प्रत्येक सर्जनने वाचावी असे मला मनापासून वाटते.

स्तन वाचवता येतो ही गोष्ट आता नवी नाही. विल्यम हाल्स्टेड यांनी १८८०च्या दशकात सुरू केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनासोबत छातीचे स्नायूही काढून टाकत, आणि पुढची कित्येक दशके तीच रीत होती. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९८१ मध्ये आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की योग्य रुग्णांमध्ये फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन दिले तरी बाई तितकीच जगते. पण रेडिएशन म्हणजे आठवड्याचे पाच दिवस, पूर्वी पाच-सहा आठवडे, आता बऱ्याच ठिकाणी तीन. जिथे मशीन आहे त्या शहरात तेवढे दिवस राहावे लागते. बुलढाण्याकडची एखादी बाई मुंबईत येते तेव्हा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेल का, बरोबर कोण राहणार, घरी गुरांना कोण बघणार, असे प्रश्न आधी उभे राहतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचाराचा खर्च निघतो, बुडालेली मजुरी निघत नाही. तेव्हा ‘काढूनच टाका डॉक्टर, एकदाची कटकट मिटू द्या’ असे ती म्हणते. वैद्यकीय नोंदीत हा रुग्णाचा स्वतःचा निर्णय म्हणून लिहिला जातो. मला तो नेहमी एसटीच्या वेळापत्रकाने आणि घरच्या चुलीने घेतलेला निर्णय वाटत आला आहे. काही वर्षांनी ती आरशासमोर उभी राहून त्या निर्णयाकडे परत बघते, तेव्हा तिला समजून घेणारे बरोबर कोणी नसते.

आता त्या विषयाकडे, जो या संग्रहातही दबक्या आवाजातच आला आहे. नवरा-बायकोचा शरीरसंबंध. केमोमुळे तरुण बायकांची पाळी अचानक थांबते. हार्मोनवर वाढणाऱ्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी गोळी पाच वर्षे, कधी दहा वर्षे रोज घ्यावी लागते. त्या काळात अंगातून गरम वाफा निघतात, सांधे धरतात, योनिमार्ग कोरडा पडतो, संबंध दुखतो, इच्छा मरून जाते. गोळी सुरू करताना बाईला सांगितले जाते की रोज एक घ्या, चुकवू नका. बाकीचे कोणी सांगत नाही. मग ती समजते, आपण बाई म्हणून संपलो. नवरा हात लावायला जातो, तिला वेदना होतात, तो मागे सरतो आणि पुन्हा जवळ येत नाही. तिला वाटते, छातीवरचा व्रण बघून त्याला किळस आली. त्याला वाटते, आपण आजारी बाईला त्रास देणारा राक्षस ठरू. एकाच पलंगावर किंवा एकाच चटईवर दोघे वर्षानुवर्षे असा चुकीचा अर्थ लावत पडून राहतात. एका गोळीचा परिणाम आहे, एवढे दोघांना एकत्र बसवून सांगितले असते, तरी कितीतरी संसारांतला हा अबोला टळला असता. हार्मोन नसलेली जेल आणि क्रीम मिळतात, ती कोणती वापरायची हे डॉक्टरांना विचारता येते. उपचारांच्या काळात आणि ही गोळी चालू असताना दिवस राहू नयेत म्हणून कॉपर-टीसारखी हार्मोन नसलेली साधने वापरायची असतात. ज्यांना अजून मूल हवे आहे त्यांनी केमो सुरू होण्याआधीच बीजांडे किंवा गर्भ गोठवून ठेवण्याविषयी विचारायला हवे, नंतर वेळ गेलेली असू शकते. या सगळ्या गोष्टी ओपीडीत पाच मिनिटांत सांगता येतात. त्या सांगितल्या जात नाहीत, याचा मला आजही राग आहे.

आजारी बायकोला नवरे सोडून देतात का, हा प्रश्न मला सभांमधून नेहमी विचारला जातो. २००९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूतली गाठ, इतर कॅन्सर आणि मल्टिपल स्क्लेरोसिस झालेले ५१५ विवाहित रुग्ण त्यात होते. बाई आजारी होती तिथे सुमारे २१ टक्के जोडपी वेगळी झाली, पुरुष आजारी होता तिथे जेमतेम ३ टक्के. फरक विचार करायला लावणारा आहे. पण आपल्याकडे कोर्टाचे कागद बघून काही कळणार नाही, कारण इथे बाईला सोडायला घटस्फोट लागत नाही. ‘केमोचे चार महिने माहेरी राहा, तिथे आराम मिळेल’ असे म्हणून पाठवतात आणि न्यायला कोणी येत नाही. कधी ती त्याच घरात असते, पण तिची खोली बदलते, तिच्या हातचा चहा कोणी घेत नाही, पैशाचा हिशेब जाऊबाईकडे जातो. एका घरात राहून सोडलेल्या अशा बायका कुठल्या आकडेवारीत मोजणार? अविवाहित मुलींची तर गोष्टच निघत नाही. साखरपुडा मोडतो, दोन्हीकडचे मोठे लोक समजूतदारपणे शब्द मागे घेतात, आणि मुलीने त्याबद्दल रडणेही अपेक्षित नसते.

तरी या संग्रहाने माझे मन सर्वांत जास्त हलवले ते दुसऱ्या बाजूच्या पुरुषांमुळे. स्तन काढल्यानंतर जखमेच्या बाजूला एक नळी ठेवतात, तिला जोडलेल्या बाटलीत लालसर पाणी साठते. घरी सोडताना सांगतात, रोज ठरल्या वेळी बाटली रिकामी करा, किती एमएल निघाले ते लिहा, कमी होत गेले की नळी काढू. एका गिरणी कामगाराच्या बायकोने लिहिले आहे की आयुष्यात कधी स्वयंपाकघरात पाऊल न टाकलेला तिचा नवरा सकाळ-संध्याकाळ हात धुऊन, डोळ्यांना चष्मा लावून, बाटली उजेडात धरून आकडा बघायचा आणि किराण्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचा. सकाळ ७०, संध्याकाळ ५५. सकाळ ६०, संध्याकाळ ४०. पहिल्या दिवशी तिने लाजून तोंड भिंतीकडे केले. काही दिवसांनी तो आकडा मोठ्याने सांगू लागला आणि ती वाट बघू लागली. त्या काळात दोघांनी एकमेकांशी प्रेमाचा एक शब्द काढला नाही, असे ती लिहिते. ती वही तिने जपून ठेवली आहे. नवऱ्यांना काय करावे कळत नाही, असे आपण म्हणतो. त्यांना एक काम द्या, नेमके, मोजता येण्याजोगे, तिच्या शरीराजवळ नेणारे, म्हणजे पुष्कळांना वाट सापडते.

पुरुषांच्या दुःखाला आपल्या रुग्णालयांत बसायला जागा नाही. तो औषधांच्या रांगेत उभा असतो, रक्ताची व्यवस्था करतो, मालकाकडे रजा मागतो, रात्री परळच्या फुटपाथवर पथारी टाकतो. त्याला कसे आहेस असे कोणी विचारत नाही. ज्या रुग्णालयाबाहेर तो झोपतो, त्याच्या मुळाशीही एका नवऱ्याचा शोक आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली ल्युकेमियाने वारल्या. त्यानंतर दोराबजी टाटांनी या आजारासाठी काही करायचे मनात घेतले, पुढच्याच वर्षी तेही गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीने १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल उभे केले. ज्यांच्याजवळ देण्यासारखे काही नाही अशा नवऱ्यांचा शोकही तेवढाच खरा असतो. तो तंबाखूत, दारूत किंवा गुमसुम बसण्यात जिरतो आणि बायकोला वाटते, याला माझे काही नाही.

‘खंबीर राहा’ या सल्ल्याबद्दल मला स्पष्ट बोलायचे आहे. तो देणाऱ्याला बरे वाटते. घेणारीवर तो ओझे टाकतो, कारण त्यानंतर तिला रडायची, चिडायची, ‘मला नाही जमत आता’ म्हणायची मुभा उरत नाही. खंबीर बाई म्हणून जिचे कौतुक झाले तिला झोप न येण्याबद्दल, उदास वाटण्याबद्दल सांगताच येत नाही. आणि मनाच्या धैर्याने कॅन्सर बरा होतो असे एकदा मानले, की तो परत उलटला तर तिचेच धैर्य कमी पडले असा अर्थ निघतो. हे क्रूर आहे. गाठ परत येते ती पेशींच्या गुणधर्मामुळे. तिच्या रडण्यामुळे ती येत नाही.

बहुतेक लेखनांत सर्वांत कठीण काळ म्हणून जो आला आहे तो ऑपरेशनचा किंवा केमोचाही नाही. तो उपचार संपल्यानंतरचा आहे. केमो चालू असताना घर तिच्याभोवती असते, नणंद डबा पाठवते, रुग्णालयात ओळखीच्या बायका भेटतात. शेवटचे रेडिएशन झाले, पेढे वाटले, की सगळे आपापल्या कामाला लागतात. ‘आता झालं ना, बरी झालीस की.’ दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर तिनेच लावायचा असतो. अंगातला थकवा झोपून जात नाही, शब्द आठवत नाहीत, दूध गॅसवर ठेवून ती विसरते. दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी फॉलोअप असतो, त्याच्या आधीचा आठवडा ती कोणाशी धड बोलत नाही. पाठीत साधी उसण भरली तरी मनात हाडाचाच विचार येतो. घरच्यांना वाटते, ही आता आजाराचे कौतुक करते आहे. मदतीची खरी गरज याच काळात असते, आणि याच काळात आपल्या मदत करणाऱ्या सगळ्या व्यवस्था संपतात.

ज्यांचा आजार फुप्फुसात, यकृतात किंवा हाडांत गेला आहे, त्या चौथ्या स्टेजच्या बायकांना आपल्या मेळाव्यांत फारसे बोलावत नाहीत. व्यासपीठावर कॅन्सरवर मात केलेल्या विजेत्या हव्या असतात. पण नव्या औषधांमुळे अशा बऱ्याच जणी आता वर्षानुवर्षे जगतात, नोकरी करतात, नातवंडे सांभाळतात, आणि औषध कायम चालू असते. त्यांच्यापैकी दोघींचे लेखन इथे आहे. एकीने घरच्यांना फक्त एकच मागणे केले आहे: मी मरणाविषयी बोलायला लागले की ‘असं बोलू नये’ म्हणू नका, दहा मिनिटे बसून ऐका. तिला विम्याची कागदपत्रे कुठे आहेत ते सांगायचे होते, धाकट्या मुलीला पाळी येईल तेव्हा आत्याने तिच्याजवळ असावे असे सांगायचे होते. ते ऐकायला तिला शेवटी शेजारीण मिळाली.

पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो, या आजाराच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. त्यांच्यातला कोणी लिहायला तयार झाला नाही. पुढच्या आवृत्तीत ती उणीव भरून निघावी.

हा संग्रह सलग वाचायलाच हवा असे नाही. जिचे उपचार सध्या चालू आहेत तिने शेवटचे दोन लेख तूर्त बाजूला ठेवले तरी चालतील, आणि नळीच्या वहीची हकिगत नवऱ्याला मोठ्याने वाचायला सांगावी. काही लेखांतले अनुभव जुने आहेत, तेव्हाची औषधे आणि मात्रा आता बदलल्या आहेत, म्हणून औषधाबाबतचा कुठलाही निर्णय आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावा. शरीरसंबंधाविषयीचा मजकूर मुद्दाम तिसऱ्या भागात एकत्र ठेवला आहे. ओपीडीत विचारायचे प्रश्न त्याच्या अखेरीस मोठ्या अक्षरांत दिले आहेत. तोंडाने विचारायला जड जात असेल तर ते पान उघडून डॉक्टरांसमोर ठेवावे.